मनातलं गाऱ्हाणं

डावा कळा पडला.

देवळात जमलेल्या दहा-बारा माणसांच्या तोंडून एकदमच ‘हं’ निघालं आणि मी कपाळाला हात लावला. गुरवाने भैरीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवून एकेक फुलाचा कळा चिकटवला होता. त्यातला डावीकडचा सुटून खाली ताटात पडला. उजवीकडचा जागचा हलायला तयार नव्हता. आमच्या खारवेळात देवाला असा कौल लावतात. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. आणि त्या दिवशी नकार कशाला होता, तर द्वारकाकाकींचं घर आणि समुद्रालगतची त्यांची नारळाची वाडी पुण्याच्या निंबाळकरांना विकायला.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली, पण तो कळा टपकन पडल्याचा आवाज आठवला की अजून माझं डोकं फिरतं. कळ्याचा कसला आलाय आवाज, असं आमचे हे म्हणतात. मला आला होता.

“झालं,” काकींचा मुलगा मोरेश्वर माझ्या कानाशी पुटपुटला. “वहिनी, आता काय करायचं?”

“मला काय विचारता भावोजी? कौलाचं कुणी काढलं?”

काढलं होतं काकींनीच. मोरेश्वर डोंबिवलीहून विक्रीचा कच्चा मसुदा घेऊन आला, पडवीत बसून त्याने तो आईला वाचून दाखवला, आणि काकी सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, “देवाला विचारा.” आमच्याकडे देवाला विचारा म्हटल्यावर कोणाची नको म्हणायची टाप नाही. लग्न, विहीर, नवी होडी, सगळं विचारूनच होतं. बरं, घर आणि वाडी काकींच्या नावावर. काकांनी जाण्याआधी सगळे कागद त्यांच्या नावे करून ठेवले होते, तेव्हा अंगठा काकींचाच लागणार होता.

आता माझं यात काय अडकलं होतं ते सांगते. खारवेळ तोवर पर्यटकांच्या नजरेत चांगलंच भरलं होतं. दर दुसऱ्या घरावर ‘घरगुती जेवण व निवास’ अशी पाटी. आमच्याही तीन खोल्या होत्या. शनिवार-रविवार मी मासे तळायची आणि सोमवारी चादरी धुवायची. जेवता जेवता पाहुणे विचारायचे, “इथे जागा मिळेल का हो?” अशी हळूहळू मी एजंट झाले. दोन-तीन किरकोळ प्लॉट करून दिले होते, पण निंबाळकरांचं काम मोठं होतं. त्यांना समुद्राला लागून रिसॉर्ट बांधायचं होतं, आणि त्यांनी मला शब्द दिला होता की रिसॉर्ट उभं राहिलं की तिथलं ऑफिस मी बघायचं. खुर्ची, टेबल, टेलिफोन. दहा वर्षं दुसऱ्यांच्या चादरींतली वाळू झटकली की माणसाला टेबलखुर्चीची काय हाव सुटते, ते ज्याने झटकली त्यालाच कळेल.

देवळातून निघताना अप्पा साळवींनी गाठलंच. अप्पा मानकरी. मानाची तीन घरं आहेत गावात, त्या तीन घरांतले पुरुष हजर असल्याशिवाय कौल लागत नाही, आणि त्यामुळे अप्पांना वाटतं की देव त्यांनाच विचारून कळा सोडतो.

“बरं झालं चंद्रिका,” ते म्हणाले. “रिसॉर्ट झालं असतं तर आपल्या सगळ्यांच्या खोल्या ओस पडल्या असत्या.”

“अप्पा, मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणत होतात, रिसॉर्ट झालं तर रस्ता डांबरी होईल म्हणून.”

“तेही खरंच आहे,” अप्पा म्हणाले आणि छत्री टेकत निघून गेले.

असली माणसं. यांच्यात राहून जागेचे व्यवहार करायचे म्हणजे डोक्याला नुसता ताप.

संध्याकाळी मी काकींकडे गेले. त्या पडवीत खोबरं खवत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई, पण विळीवर हात माझ्याहून भरभर चालायचा.

“ये गो. घावणे घालते. खाऊन जा.”

“काकी, खायला नाही आले. देव नाही म्हणाला, आता पुढे काय?”

“नाय म्हणाला खरा.”

“म्हणजे? निंबाळकरांना काय सांगू?”

“सांग की, देव नाय म्हणाला.”

“ते पुण्याचे आहेत काकी. त्यांना देव नाही म्हणाला म्हटलं तर ते मला वेड्यात काढतील.” मी खाली बसले. “हे बघा, मोरूभावोजी म्हणतायत त्यात चूक काय आहे? इथे तुम्ही एकट्या. गेल्या वर्षी विहिरीपाशी घसरलात, दीड तास कुणाला पत्ता नव्हता. तिकडे मोठी जागा घेतील, तुम्हाला स्वतंत्र खोली देतील. खाली दवाखाना आहे, लिफ्ट आहे.”

“लिफ्ट चांगली असते,” काकी म्हणाल्या.

“मग?”

“बघू हां. नारळाची चटणी चालेल ना गो?”

या ‘बघू हां’चं मी काय लोणचं घालू? दोन महिन्यांत मी ते पन्नासदा ऐकलं. त्या हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. पुढ्यात घावणा यायचा, त्यावर चटणी यायची, आणि मी ज्यासाठी गेले होते ते चुलीच्या धुरात कुठेतरी विरून जायचं.

मोरेश्वरने फोनवर सांगितलं की पुन्हा कौल लावू. दुसऱ्यांदा विचारायला देवाची ना नसते. पण गावाची असते. आधी दामूकाका गुरव मुलीकडे गेले ते आठ दिवस आलेच नाहीत. ते आले तर दुसऱ्या मानकऱ्यांच्या चुलतभावाचं मुंबईत काही बरंवाईट झालं आणि त्यांना सुतक लागलं. सुतक फिटतंय तोवर तिसरे मानकरी गुडघ्याचं ऑपरेशन करायला मिरजेला. इकडे निंबाळकरांचा रोज सकाळी फोन. “नागवेकर मॅडम, काय परिस्थिती आहे?” मी म्हणायची, “प्रोसेसमध्ये आहे सर.” मिरजेतला गुडघा हा आमच्या प्रोसेसचा भाग आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी महिन्याभराने मुहूर्त लागला. निंबाळकर स्वतः गाडी घेऊन आले. पांढरा शर्ट, पायात बूट, ते मी देवळाबाहेर काढायला लावले. मोरेश्वर रजा टाकून आला. दामूकाकांनी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा महाराजा, द्वारकाबाईच्या वास्तूचा जो काय व्यवहार योजला आहे तो तुला मान्य असेल तर उजवा दे,” आणि आम्ही सगळे “होय महाराजा” म्हटलं. मग बसलो.

बसलो ते बसलोच. अर्धा तास झाला, तास झाला. दोन्ही कळे देवाच्या खांद्यांना जे चिकटले ते चिकटलेच. ऊन चढलं. सहलीला आलेली कुठली तरी माणसं दारातून डोकावली, आमचे फोटो काढून गेली. अप्पा साळवी खांबाला टेकून घोरायला लागले. काकी हात जोडून डोळे मिटून बसल्या होत्या, शांत. निंबाळकरांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, भिंतीवरचं बटण दिसलं, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी पंखा लावला.

उजवा कळा पडला.

“पडला,” मोरेश्वर उठून उभा राहिला. “उजवा पडला.”

अप्पा जागे झाले. “पंखा कोणी लावला?”

“मी लावला,” निंबाळकर म्हणाले. “उकडत होतं.”

“वाऱ्याने पडलेला कळा धरत नाहीत,” अप्पा म्हणाले. दामूकाकांनीही मान हलवली.

“अहो, पण पडला ना?” निंबाळकर माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हाला हवं ते झालं, आता धरत नाहीत म्हणजे काय?”

मी त्यांना काय समजावणार? गावात जन्मापासून ज्याने कौल बघितलाय त्याला देवळातला पंखा आधी बंद करायचा असतो हे कळतं, जसं चूल पेटवताना रॉकेलचा डबा बाजूला ठेवायचा हे कळतं. ते मलाच सुचायला हवं होतं. मी स्वतःवर एवढी चिडले की घरी येऊन दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. निंबाळकर जाताना म्हणाले, “एक महिना. त्यानंतर मी दुसरीकडे जागा बघतो. तुमच्या देवाला सांगा.”

तिसऱ्या दिवशी मी दामूकाकांच्या घरी गेले. ते अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते.

“काका, एक विचारू? रागावू नका.”

“रागवायचंच काहीतरी असणार,” ते म्हणाले. “विचार.”

“कळा चिकटवताना उजव्याला पाणी थोडं कमी लावलं तर तो लवकर सुटतो ना?”

दामूकाकांनी सुपाऱ्यांवरून हात काढला. मला वाटलं आता शिव्या घालतील. पण ते शांतपणे म्हणाले, “चाळीस वर्षं मी त्याच्या अंगावर कळे लावतोय. माझ्या पोरीच्या लग्नाला त्याने डावा दिला होता. स्थळ चांगलं होतं, नोकरीवालं. मी मोडलं. तेव्हा पाणी कमी लावायचं मला सुचलं नसेल, असं तुला वाटतं?”

मी खाली बघितलं. मला लाज वाटली, पण खोटं कशाला सांगू, लाजेपेक्षा चीड जास्त होती. एक महिना. खुर्ची आणि टेबल माझ्या डोळ्यांसमोरून चाललं होतं.

“मग दुसरं काही होऊ शकतं का?” मी विचारलं. “गाऱ्हाणं तुम्ही घालता. घराची धनीण स्वतः घालू शकते का? कदाचित देवाला तिच्या तोंडून ऐकायचं असेल.”

हे मी नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. पण दामूकाका विचारात पडले. “घालू शकते,” ते म्हणाले. “पूर्वी बायका घालायच्या. पण बाई उघड नाही घालत, मनात घालते. आणि मनातलं गाऱ्हाणं काय होतं ते काम पार पडेपर्यंत कोणी विचारायचं नाही, तिने सांगायचं नाही. तेवढं पाळावं लागतं.”

“पाळू की,” मी म्हटलं. “त्यात काय?”

तिथून मी थेट काकींकडे गेले आणि त्यांना सांगितलं. काकींनी हातातलं काम थांबवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही खायला विचारलं नाही.

“मी घालू? माझ्या मनाने?”

“तुमच्याच मनाने.”

“कोणी विचारणार नाय?”

“कोणी नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. ‘बघू हां’ नाही, ‘बरं’. मला एवढा आनंद झाला की मी वाटेत भेटलेल्या अप्पांशीसुद्धा गोड बोलले.

तिसऱ्या कौलाच्या दिवशी मी सकाळीच जाऊन पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून आले. तिन्ही मानकरी हजर, गुडघावाले काठी घेऊन. काकींनी नऊवारी धुवट लुगडं नेसलं होतं. दामूकाकांनी कळे लावले आणि बाजूला झाले. काकी देवासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, डोळे मिटले. त्यांचे ओठ थोडे हलले. आम्ही सवयीने “होय महाराजा” म्हटलं.

उजवा कळा त्याच क्षणी पडला. कोणाला बसायलाही वेळ मिळाला नाही.

मोरेश्वरने आईच्या पायावर डोकं ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं. वाईट मुलगा नव्हता तो. दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती त्यांची, आणि आईची काळजी त्याला खरोखर होती. अप्पा म्हणाले, “बघा, धनिणीच्या तोंडून ऐकायचं होतं देवाला,” म्हणजे माझं वाक्य त्यांनी उचललं, पण त्या दिवशी मी तेही सोडून दिलं. काकींनी देवाला नमस्कार केला, कळा पदरात बांधला आणि घरी गेल्या.

पुढचे वीस-पंचवीस दिवस मी नुसती पळत होते. उतारे काढ, मोजणीचा नकाशा आण, ग्रामपंचायतीचा दाखला घे, ग्रामसेवकाच्या मागे लाग. निंबाळकरांनी मोरेश्वरला बयाणा दिला. गावात प्रत्येकाचं मत बदललं. जो तो आता रस्ता डांबरी कधी होणार विचारायला लागला. या गडबडीत एकदा मी काकींकडे डोकावले तर त्यांनी दोन गडी लावून विहीर उपसायला घेतली होती.

“काकी, आता विहीर कशाला?”

“गाळ साचलाय गो. पाण्याला वास येतो.”

मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाची सवय, जाता जाता घर नीट करून द्यायची. निंबाळकर ती विहीर बुजवणार होते, तिथे पोहायचा तलाव व्हायचा होता. पण कशाला सांगा म्हणून मी बोलले नाही. कागदांची पिशवी सावरत पुढे गेले.

दस्त नोंदवायचा दिवस उजाडला. निंबाळकरांच्या गाडीतून आम्ही चौघं तालुक्याला गेलो. काकी पुढच्या सीटवर, मांडीवर कापडी पिशवी. नोंदणी कार्यालयात ही गर्दी. लग्नाला आल्यासारखी नटून आलेली माणसं, फोटोसाठी भांग पाडणारी माणसं, आणि भिंतीवर टोकन नंबरचा लाल दिवा. आमचा नंबर यायला दुपार झाली.

अधिकारी बाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या, सकाळपासून बोलून घसा बसलेला. त्यांनी कागद उलटले, निंबाळकरांचा फोटो घेतला, अंगठा घेतला. मग काकींना समोरच्या खुर्चीवर बसवलं.

“आजी, हे घर आणि जमीन तुम्ही विकताय. कागदात काय लिहिलंय ते समजलंय ना?”

“समजलंय.”

“तुमच्या राजीखुशीने विकताय ना?”

काकींनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुढे वाकून म्हटलं, “काकी, हो म्हणा.”

“तुम्ही नका बोलू,” अधिकारी बाई म्हणाल्या. “आजी, तुम्हाला विचारतेय. तुमची राजीखुशी आहे?”

“मला विचारताय?” काकी म्हणाल्या.

“तुम्हालाच.”

“नाय,” काकी म्हणाल्या. “माझी राजीखुशी नाय. मला घर विकायचं नाय.”

मोरेश्वर हसला. म्हणजे त्याला हसायचं नव्हतं, पण चेहऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं. “आई, काय बोलतेस? देवाने उजवा दिला. सगळ्या गावादेखत दिला.”

“दिलान की.”

“मग?”

“मी त्याला काय विचारलं होतं ते तुला ठाऊक हाय?” काकींचा आवाज तसाच होता, घावणे घालते म्हणायच्या तसा. “मी म्हटलं, भैरीबाबा, मी काय या घरातून हलायची नाय. तू पाठीशी राहशील तर उजवा दे. दिलान त्याने. आज काम पार पडलं, म्हणून सांगते.”

मी टेबलाचा कोपरा धरला. देवळातलं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, ते ओठ हलणं, आमचं मूर्खासारखं ‘होय महाराजा’. बारा माणसांनी होकार भरला होता. कशाला भरला ते एकालाही माहीत नव्हतं.

“अगं, मग मला सांगायचंस ना,” मोरेश्वर म्हणाला. “मी काय परका होतो?”

“तू आलास तोच कागद घेऊन आलास रे बाबा,” काकी म्हणाल्या. “छापलेला होता. त्यात मी कुठे घुसणार होते?”

त्याने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. अधिकारी बाईंनी कागदांवर रेघ मारली, बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, “हा दस्त होणार नाही. पुढचा नंबर कोणाचा?”

बाहेर आल्यावर निंबाळकरांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं काही खोटंही नव्हतं. बयाण्याचं बोलायला ते मोरेश्वरला गाडीत घेऊन गेले. मी आणि काकी फाटकात उभ्या राहिलो. मग एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. काकी पुढे, मी मागे. माझ्या डोक्यात लाह्या फुटत होत्या. ऑफिस गेलं, खुर्ची गेली, गावात तोंड दाखवायची सोय गेली, आणि ही बाई स्टँडवर पेरू घेत होती, मीठ जास्त लाव सांगत होती.

गाडी लागली. काकींना खिडकी दिली. गाडी सुटली आणि माझा बांध फुटला.

“काकी, तुम्ही माझं वाटोळं केलंत. दोन महिने मी तुमच्या पडवीत येऊन बसत होते. मोरूभावोजी मुलगा आहे, त्यांचा स्वार्थ होता, मी समजू शकते. पण मी तुमच्या शेजारची. तुमच्या हातचं खाल्लंय मी. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही माझं अंग रगडलंत. मला एका शब्दाने सांगता आलं नाही?”

“काय सांगायचं होतं?”

“की विकायचं नाही म्हणून. सरळ. एवढं देवाधर्माचं नाटक कशाला?”

“नाटक नाय केलं,” काकी म्हणाल्या. “देवाला खरंच विचारलं. त्याने डावा दिलान असता तर मी अंगठा दिला असता.”

“पण मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी पेरूची फोड माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. त्यांनी ती पिशवीवर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. डोळे लाल झाले होते. रडल्या होत्या की जाग्रणाने, मला कळलं नाही. हे कधी झालं, कोणत्या दिवसापासून होतं, तेही मी बघितलं नव्हतं.

“बरं, सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. “तर तू काय केलं असतंस गो?”

मी लगेच तोंड उघडलं. मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते, निंबाळकरांना परत पाठवलं असतं, मोरूभावोजींना खडसावलं असतं, असं सगळं ओठांवर आलं होतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला खोटं बोलता येईना.

“मी तुमची समजूत घातली असती,” मी म्हटलं.

“घातलीच असतीस. तुला चांगलं बोलता येतं.” काकींनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. “आणि मी ऐकलं असतं.”

कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला. मी त्याला दोन खारवेळ सांगितले.